एकच घ्यायचं, तर कोणतं?

आम्ही मलकापूरच्या बचत गटातल्या बाया. मागच्या वेळी पापडाच्या पिठाचा हिशेब सांगितला होता, तो अनेकींना आवडला. आजचा विषय ऐकून मात्र रेडिओ बंद करू नका. आज आम्ही पिस्तूल आणि रिव्हॉल्वरबद्दल बोलणार आहोत.

झालं असं की, आमच्यातल्या एका वहिनींचं किराणा दुकान आहे. हंगामात त्या आणि त्यांचे मालक खेड्यापाड्यांत जाऊन कापूसही घेतात. त्यामुळे जवळ रोकड असते. दिवाळीनंतर एका संध्याकाळी मोताळ्याकडून येताना एक मोटारसायकल बराच वेळ त्यांच्या मागे राहिली. ते दोघं पेट्रोल पंपाच्या उजेडात थांबले, तेव्हा ती पुढे निघून गेली. काही झालं नाही, पण वहिनींना तीन रात्री झोप नव्हती. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर त्या म्हणाल्या, "मले एकच घ्यायचं आहे. दुकानात तेच, रस्त्यावर तेच, रात्री घरी तेच, अन् वावरात डुकरं आले तरी तेच. सांगा, कोणतं घेऊ?"

आधी आम्ही हसलो. मग त्यावर तीन बैठका गेल्या.

हा "एकच"चा प्रश्न दिल्लीतही निघाला होता. पूर्वी एका परवानाधारकाला तीन शस्त्रं ठेवता येत. २०१९ साली शस्त्र कायद्यात बदल करायचा ठरला, तेव्हा पहिल्या मसुद्यात तीनाचं एकच करायचं होतं. त्यावर बरीच ओरड झाली आणि शेवटी दोन ठरली. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. म्हणजे वहिनींना कायद्याने दोन घेता आली असती, पण लाखाच्या वर किंमत असलेली वस्तू दोनदा कोण घेणार!

सिनेमात दिसतं ते सगळं आपल्याला मिळत नाही, हे आधी समजून घ्या. नऊ एमएमचं पिस्तूल पोलिसांकडे असतं, ते सामान्य माणसाला बंद. आपल्यासाठी मुख्यतः बत्तीस बोअर. २०१४ साली कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून "निर्भीक" नावाचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर काढलं. दिल्लीतल्या त्या मुलीच्या प्रकरणाला तेव्हा वर्षच झालं होतं, नावही त्यावरूनच सुचलेलं. वजन अर्धा किलो, किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. बायकांना धीर द्यायचा म्हणून काढलेली वस्तू आमच्या गटातल्या एकीलाही परवडणारी नव्हती, हे आम्ही इथे नोंदवून ठेवतो.

अर्धा किलो म्हणजे किती, हे आम्ही करून पाहिलं. तुरीच्या डाळीची अर्ध्या किलोची पुडी घेतली आणि हात सरळ लांब करून एक मिनिट धरायची असं ठरवलं. शेतात निंदायला जाणाऱ्या दोघींनी सहज धरली. बाकीच्यांची पुडी अर्ध्या मिनिटात थरथरायला लागली, दुकानवाल्या वहिनींचीसुद्धा. दोन्ही हातांनी धरल्यावर बरं जमलं. ही डाळ शांतपणे, चहा पिता पिता धरलेली. अंधारात, छाती धडधडत असताना काय होईल?

आमच्यातल्या एक काकू पोलिस खात्यातून निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी पिस्तूल आणि रिव्हॉल्वर यांतला फरक समजावला. पिस्तुलाच्या मुठीत गोळ्यांची पेटी असते, तिला मॅगझिन म्हणतात. वरचा भाग, म्हणजे स्लाइड, जोर लावून मागे ओढली की एक गोळी नळीत चढते. आता मॅगझिन काढून घेतलं तरी ती चढलेली गोळी आतच राहते. "मॅगझिन काढलं, म्हंजे रिकामं झालं," असं समजून चाप ओढला जातो आणि माणूस जातो. रिव्हॉल्वरमध्ये गोल चक्री असते, तिच्या घरांत गोळ्या बसतात. चक्री उघडली की भरली आहे की रिकामी, ते डोळ्यांना दिसतं. एखादी गोळी उडाली नाही तर पुन्हा चाप ओढायचा, चक्री फिरून दुसरी पुढे येते. गोळ्या कमी मावतात आणि चाप जड असतो, हे तोटे. पण जिला वर्षातून एक-दोनदाच सरावाला वेळ मिळणार, तिने रिव्हॉल्वरच घ्यावं, असं काकूंचं मत. आम्हालाही ते पटलं.

आणि लहानात लहान घेऊ नये, असंही त्या म्हणाल्या. पर्समध्ये मावणारं म्हणून बायका छोटं मागतात. पण शस्त्र जितकं हलकं, तितका हाताला झटका जास्त, आणि नळी आखूड असली की नेम धरणं अवघड. थोडं वजनदार, मूठ तळहातात पूर्ण बसणारं घ्यावं. मग ते पर्समध्ये मावत नाही! एका कामाला जे बरं, ते दुसऱ्या कामाला आडवं येतं, हे इथूनच कळायला लागलं.

वावराचा प्रश्न तर निकालातच निघाला. रोही आणि रानडुक्कर यांनी आपल्याकडे किती नासाडी होते, हे तुम्हाला सांगायला नको. पण बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्वरने रानडुक्कर मरत नाही, जखमी होतं, आणि जखमी डुक्कर अंगावर येतं. पीकराखणीसाठी कायद्यात ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. शिवाय बंदूक असली तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय ही जनावरं मारता येत नाहीत. एकीने विचारलं, मग ती कोल्हापूरची राही सरनोबत? तिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलावरच सुवर्णपदक आणलं ना? आणलं, आणि आम्हाला तिचा अभिमान आहे. पण ते पंचवीस मीटरवरच्या कागदी निशाणाचं, खेळाचं पिस्तूल. त्यामागे रोजचा सराव. ते कामच वेगळं.

रस्त्याचं काय? स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे, नव्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. पण जेवढी गरज तेवढंच. जिवावर बेतलं तर एक गोष्ट. पिशवी हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर आरोपीच्या पिंजऱ्यात आपण उभं राहणार. आणि मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून, एका हातात पैशांची पिशवी धरून रिव्हॉल्वर काढायचं कसं, हे वहिनींनी स्वतःच करून दाखवलं. लाटणं घेऊन. तेव्हा मात्र सगळ्या पोट धरून हसलो.

एक गोष्ट घाईने पण स्पष्ट सांगतो. परवान्याच्या भानगडीत कशाला पडता, गावठी कट्टा स्वस्तात मिळतो, असं सांगणारे भेटतात. बिनपरवाना शस्त्र जवळ सापडलं तर कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद. मुलगा किंवा दीर म्हणाला, "वहिनी, एवढं गव्हाच्या कोठीत ठेवा," तर ठेवू नका. कोठी तुमची असते, आणि जाब तुम्हालाच विचारतात.

परवान्याचा अर्ज बुलढाण्याला, जिल्हाधिकाऱ्यांकडे. वय एकवीस पूर्ण हवं, पोलिसांची चौकशी, डॉक्टरांचा दाखला, आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी. परवाना ज्याच्या नावावर, शस्त्र त्याचंच. नवऱ्याच्या परवान्यावर बायकोने ते वापरायचं नाही. म्हणजे वहिनी दुकानात आणि मालक रस्त्यावर असले, तर ते एकच शस्त्र कुणाकडे?

ही हमी वाचल्यावर वहिनींच्या सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. "ठेवशीन कुठं?" घरात दोन नातवंडं. एक सात वर्षांचं, एक तीनचं. लाडवाचा डबा कुठेही लपवा, त्यांना सापडतो. कुलपात ठेवलं, गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवल्या, तर रात्री दार वाजल्यावर दोन किल्ल्या शोधायच्या. उशाखाली ठेवलं, तर पोरांची भीती. यावर आम्ही खूप वेळ बोललो. उत्तर एकच निघालं: पोरांचं घर असेल तर दोन कुलपं, आणि रात्री हाताशी नसेल हे मान्य करूनच घ्यायचं.

मग आमच्यातली एक, जी एरवी बैठकीत फक्त सही करून जाते, ती बोलली. तिचा भाऊ कापसाचा शेतकरी. एका वाईट वर्षी त्याने फवारणीचं औषध घेतलं. घरच्यांनी ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात नेलं, आणि तो वाचला. आज त्याची पोरगी कॉलेजात आहे. ती म्हणाली, "आमच्या घरी तवा बंदूक असती, तर ट्रॅक्टर काढाले वेळच भेटला नसता." एवढं बोलून ती भाकरीचा डबा उचलून उठली. आम्ही तिला जाऊ दिलं नाही, चहा ठेवला.

वहिनींनी मोजलेल्या कामांत हे काम नव्हतं. दुकान, रस्ता, रात्र, वावर, एवढंच होतं. पण घरात आलेलं शस्त्र घरातल्या सगळ्या दिवसांना घरातच असतं. कर्जाच्या नोटिशीच्या दिवशी, दारू पिऊन भांडणाच्या दिवशी, परीक्षेच्या निकालाच्या दिवशीसुद्धा. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असे दिवस चालू असतील, तर टेलिमानसचा १४४१६ हा फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि शस्त्र असेलच, तर त्या दिवसांत किल्ली दुसऱ्याकडे द्या.

तर, कोणतं? खरोखर गरज असेल, परवाना मिळाला, सरावाला जायची तयारी असेल आणि घरात कुलूप पाळलं जात असेल, तर बत्तीस बोअरचं, मुठीत नीट बसणारं रिव्हॉल्वर. आणि ते फक्त एका कामासाठी, दुकानासाठी नाहीतर घरासाठी. सगळ्या कामांना पुरेल असं एक शस्त्र आम्हाला सापडलं नाही.

वहिनींनी काय केलं? यंदा त्यांनी कापसाचे बरेचसे पैसे शेतकऱ्यांच्या खात्यावर टाकायला सुरुवात केली. काही शेतकरी कुरकुरले, दोघं दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेले, ते नुकसान त्यांनी सोसलं. उरलेली रोकड घेऊन त्या दिवस मावळायच्या आत परत येतात. अर्ज मात्र भरलेला आहे, गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात. शस्त्र कशासाठी हवं, एवढा एकच रकाना कोरा आहे.