वानरांचा कळप आणि वक्ररेषा



बीजगणिताचे नाव काढले की आमच्या जळगाव-धुळ्याकडील मुलांच्या कपाळाला आठ्या पडतात. वास्तविक हे शास्त्र आपल्या घरचे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला, अशी त्यात नोंद आहे. त्या आजोबांच्या 'बीजगणिता'तलेच एक उदाहरण आज आम्ही घेणार आहोत.

वानरांच्या कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात खेळतो आहे, उरलेले १२ टेकडीवर आहेत. तर कळप केवढा? कळपाला 'य' म्हणू. सर्व पदे एका बाजूस आणून ६४ ने गुणली म्हणजे य² − ६४य + ७६८ = ० असे समीकरण मिळते. त्याचे अवयव (य − १६)(य − ४८). उत्तरे दोन, १६ आणि ४८. आचार्यांनी दोन्ही मान्य केली.

आलेखाची रीत पुढची, सतराव्या शतकातल्या युरोपातली. पण अवयव हाती असले की पंचवीस बिंदू मांडीत बसण्याचे कारण नाही. आडव्या अक्षावर १६ आणि ४८ येथे खुणा करा. 'य' १६ हून लहान असता दोन्ही अवयव ऋण, म्हणून गुणाकार धन. रेषा अक्षाच्या वर. दोन खुणांच्या मध्ये एक धन, एक ऋण, रेषा खाली. ४८ च्या पुढे दोन्ही धन. रेषा पुन्हा वर. झाला आलेख! मधली ३२ ही संख्या घेऊन पाहा. अष्टमांशाचा वर्ग १६, त्यात १२ मिळविले की २८. चार वानर कमी पडले! रेषा खाली उतरली, तिचा अर्थ एवढाच.

अवयव तीन असोत की पाच, रीत हीच. मात्र एकच अवयव दोनदा आला तर तेथे चिन्ह पालटत नाही. रेषा अक्षाला स्पर्शून माघारी वळते.

आचार्यांचे दुसरे उदाहरण पाहा. पंचमांशातून तीन वजा करून वर्ग केला. तितके वानर गुहेत गेले, एक बाहेर दिसतो. येथे उत्तरे ५० आणि ५. रेषा दोन्ही ठिकाणी अक्ष ओलांडते. पण पाचाचा पंचमांश एक. त्यातून तीन वानर कसे वजा करणार? आचार्यांनी ५ हे उत्तर सोडून दिले.

रेषा कोठे ओलांडते ते अवयव सांगतात; ते उत्तर व्यवहारात उभे राहते की नाही, हे माणसाने पाहावयाचे. मुले आलेखाची वही घेऊन बसली, तर आपण त्यांना दोनच प्रश्न विचारावेत : अवयव कोणते, आणि त्यांच्यामधल्या जागेत चिन्ह कोणते?