रंभा उपसागरातील वेगनौका : एका सहलीचे नियोजन

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता करमणुकीचा आहे. निसर्गरम्य उपसागरात पर्यटकांना वेगनौकेतून फिरवून आणायचे, त्याचे नियोजन कसे करावे, एवढाच तो प्रश्न. आपणांपैकी काहीजण उद्या प्रशासनात जातील आणि एखाद्या किनारी जिल्ह्यात नेमणूक झाली, तर असा प्रस्ताव आपल्यासमोर येण्याची शक्यता मोठी आहे. अशा प्रस्तावात नौकेची किंमत, आसनसंख्या, तिकिटाचा दर आणि अपेक्षित उत्पन्न यांचे तक्ते असतात. ज्या पाण्यावर हे सारे घडायचे, त्या पाण्याविषयी मात्र त्यात दोन ओळीही नसतात. म्हणून मी पाण्यापासून सुरुवात करणार आहे, आणि उदाहरण म्हणून ओडिशातील चिल्का सरोवराच्या दक्षिण टोकाला असलेला रंभा उपसागर घेणार आहे.

चिल्का आपल्या अभ्यासक्रमात आहेच. पुरी, खोर्धा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांत पसरलेले हे निमखाऱ्या पाण्याचे सरोवर बंगालच्या उपसागरापासून वाळूच्या लांबट पट्ट्याने वेगळे झाले आहे. त्याचे क्षेत्र उन्हाळ्यात सुमारे ९०६ चौरस किलोमीटर असते, तर पावसाळ्यात ते १,१६५ चौरस किलोमीटरपर्यंत वाढते. १९८१ साली रामसर यादीत भारताची जी पहिली दोन स्थळे समाविष्ट झाली, त्यांत राजस्थानातील केवलादेवबरोबर चिल्का होते. समुद्राशी जोडणारे मुख गाळाने आकसल्यामुळे पाण्याचा खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासळी कमी झाली आणि १९९३ मध्ये चिल्काची नोंद माँत्रो अभिलेखात, म्हणजे धोक्यात आलेल्या पाणथळींच्या यादीत झाली. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या चिल्का विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख उघडले. मासळीचे उत्पादन अवघ्या दोन-तीन वर्षांत कित्येक पटींनी वाढले आणि २००२ मध्ये चिल्काचे नाव त्या यादीतून वगळण्यात आले. परीक्षेच्या दृष्टीने हा भाग आपणांस पाठ असेल. मात्र या सरोवरात नौका कोठे, किती वाजता आणि किती वेगाने चालवावी, याचा निर्णयही याच इतिहासाशी जोडलेला आहे. मोठ्या खर्चाने आणि कष्टाने सावरलेले हे पाणी आहे.

रंभा गाव गंजाम जिल्ह्यात, हावडा-चेन्नई लोहमार्गाच्या जवळ आहे. एका बाजूस पूर्वघाटाच्या टेकड्या अगदी पाण्यापर्यंत उतरलेल्या, समोर लहान-लहान खडकाळ बेटे, आणि बेटांच्या आडोशामुळे बराचसा शांत असलेला जलविस्तार असे हे दृश्य आहे. ब्रेकफास्ट आयलंड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेटावर जुन्या बांधकामाचे अवशेष दिसतात. बरकुडा बेट प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अॅनंडेल यांनी १९१७ साली तेथील पाय नसलेल्या सरड्यासारख्या एका प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याचे शास्त्रीय नाव ‘बारकुडिया इन्सुलारिस’ त्या बेटावरूनच ठेवले गेले. जमिनीखाली राहणारा हा प्राणी आज अतिसंकटग्रस्त मानला जातो. तेव्हा पर्यटकांना कोणत्या बेटावर उतरवावयाचे आणि कोणते केवळ नौकेतून दाखवावयाचे, हा नियोजनातला पहिला प्रश्न ठरतो. माझे मत असे की, बरकुडा लांबूनच दाखवावे.

आता पाण्याची खोली पाहू. चिल्का विस्तीर्ण असले तरी उथळ आहे. उन्हाळ्यात त्याच्या बऱ्याच भागांत खोली एक ते अडीच मीटरच्या दरम्यान राहते, पावसाळ्यानंतर ती थोडी वाढते. नौकेच्या मागे बसविलेल्या इंजिनाचा पंखा पाण्यात साधारण अर्धा ते पाऊण मीटर खाली फिरतो. म्हणजे तळ आणि पंखा यांत काही ठिकाणी हातभराचेच अंतर उरते. सरोवराच्या दक्षिण भागात समुद्री गवताची कुरणे आहेत. मासळीची व कोळंबीची पिल्ले त्यांत वाढतात. पंखा त्या कुरणांवरून गेला की गवत कापले जाते, गाळ ढवळला जातो, पाणी गढूळ होते आणि सूर्यप्रकाश तळाशी पोहोचत नाही. म्हणून मार्ग आखताना नकाशावर सरळ रेघ मारून चालत नाही. खोली मोजून, काठ्या व तरंगणारे बोये लावून नौकेची वाट निश्चित करावी लागते, आणि ही वाट हंगामानुसार बदलावी लागते. डिसेंबरात सुरक्षित असलेला मार्ग मे महिन्यात तळाला टेकू शकतो.

समुद्रकिनाऱ्यावरील खाडीत नौकानयनाचे वेळापत्रक भरती-ओहोटीवर बेततात. कोकणातील कोणताही तांडेल तुम्हांला तिथीवरून भरतीची वेळ सांगेल. रंभा मात्र सरोवराच्या मुखापासून दूर असल्याने तेथे भरतीचा प्रभाव अल्प आहे. पालूर कालव्याने हा भाग ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी जोडलेला आहे खरा, पण रंभाला पाण्याची मनःस्थिती ठरवितो तो वारा. सकाळी आरशासारखे असलेले पाणी दुपारी समुद्रावरून वारा सुटला की उसळू लागते. उथळ पाण्यातील लाटा आखूड आणि उभ्या असतात. लहान नौकेला त्या खोल समुद्रातील लांब लाटांपेक्षा अधिक त्रासदायक ठरतात. एप्रिल-मे महिन्यांत अचानक येणारी वादळे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील चक्रीवादळे यांचाही विचार करावा लागतो. २०१३ चे फायलिन याच गंजाम जिल्ह्यात गोपाळपूरजवळ किनाऱ्यावर आदळले होते. चिल्कातील कालिजाई देवीची लोककथा आपण ऐकली असेल. जाई नावाची नवरी नावेतून सासरी निघाली असता वादळात नाव उलटली आणि ती नाहीशी झाली, असे ती कथा सांगते. नावाडी आजही त्या देवीला नमस्कार करून पुढे जातात. वाऱ्याविषयीचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान या श्रद्धेत साठलेले आहे, असे मला वाटते. नियोजकाने त्याला हवामान खात्याच्या सूचनेची जोड द्यावी.

तात्पर्य, सहलीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि वेळ सकाळची. आता एक छोटे गणित करू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत.

समजा, जाऊन-येऊन फेरी १२ किलोमीटरची आहे आणि नौकेचा वेग २० नॉट आहे. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणून २० नॉट म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर. या वेगाने फेरी २० मिनिटांत संपते. चढण्या-उतरण्याची १० मिनिटे धरून प्रस्तावक ‘अर्ध्या तासाला एक फेरी’ असे लिहितो. सकाळी साडेसहा ते साडेदहा या चार तासांत आठ फेऱ्या, आठ आसनांची नौका असेल तर ६४ प्रवासी. तक्ता आकर्षक दिसतो.

पण १२ पैकी ५ किलोमीटर मार्ग बेटांजवळून, जाळ्यांजवळून आणि उथळ पाण्यातून जातो असे समजा. तेथे ५ नॉटपेक्षा अधिक वेग देता येणार नाही. त्या भागाला ३२ मिनिटे लागतात, उरलेल्या ७ किलोमीटरला ११. एकूण ४३ मिनिटे. दोन ठिकाणी २०-२० मिनिटे थांबल्यावर ८३ आणि चढणे-उतरणे, जीवरक्षक जाकिटे घालणे व सूचना देणे यांना १५ मिनिटे धरली तर ९८ मिनिटे झाली. चार तासांत दोनच फेऱ्या बसतात. प्रवासी ६४ नव्हेत, १६. मंजुरीच्या कागदावर स्वाक्षरी करणाऱ्या अधिकाऱ्याने हे गणित स्वतः करून पाहिले नाही, तर ते पुढे तांडेलाला करावे लागते. आणि आठ फेऱ्यांचे उद्दिष्ट त्याच्यावर लादले असेल, तर तो ते एकाच मार्गाने पूर्ण करू शकतो : जेथे सावकाश जायचे तेथे वेगाने जाऊन, आणि आठांच्या जागी बारा माणसे बसवून.

याची किंमत देशाने वारंवार मोजली आहे. ७ मे २०२३ रोजी केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात तानूर येथे पर्यटक नौका उलटून २२ जणांचा मृत्यू झाला. ती मुळात मासेमारीची नौका होती, परवानगीपेक्षा कितीतरी अधिक लोक तीत होते आणि फेरी अंधार पडल्यावर निघाली होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान नौका नियंत्रण सुटून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी नौकेवर आदळली. त्या दुर्घटनेत १५ जण दगावले. वीस नॉटने जाणारी नौका सेकंदाला सुमारे दहा मीटर कापते. चालकाचे लक्ष दोन सेकंद विचलित झाले, तर नौका वीस मीटर पुढे गेलेली असते. गर्दीच्या पाण्यात एवढे अंतर पुष्कळ होते.

१९१७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ ने नोंदणी, तपासणी, कर्मचाऱ्यांची पात्रता आणि विमा यांसाठी देशभर समान चौकट दिली. नियम आहेतच, धक्क्यावर त्यांची मोजदाद कोण करतो, हे पाहावे लागते. प्रवाशांची नावे नोंदविणारी वही नौकेत न ठेवता धक्क्यावर ठेवावी. नौका बुडाली तर तिच्यातील वहीही बुडते.

इंधनाचा साधा दंडकही सांगतो. टाकीतील इंधनाचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेला राखीव, असे दर्यावर्दी मानतात. वारा समोरून आला की परतीचा हिशेब बदलतो.

वेगाविषयी एक तांत्रिक बाब फारशी कोणी लक्षात घेत नाही. वेगनौका पूर्ण वेगात पाण्याच्या पृष्ठभागावर उचलली जाऊन जवळजवळ घसरत जाते, तेव्हा तिच्यामागील लाट तुलनेने लहान असते. अगदी सावकाश जातानाही लाट लहानच असते. सर्वांत मोठी लाट उठते ती मधल्या वेगात, नौकेचे नाक वर आणि शेपूट खाली असताना. ‘बेटाजवळ वेग निम्मा करावा’ अशी सूचना म्हणूनच अपुरी, किंबहुना घातक ठरते. नौका बेटापासून पुरेशी दूर असतानाच वेग पूर्ण उतरवला पाहिजे. नाहीतर ती लाट शेजारच्या लहान होडीत शिरते, काठावर बसलेल्या पक्ष्यांना उठवते आणि जाळ्यांचे बांबू हलवते.

जाळ्यांचा उल्लेख झाला, तेव्हा त्यांच्या मालकांकडे वळले पाहिजे. चिल्कावर सुमारे दोन लाख मच्छीमारांची उपजीविका अवलंबून आहे. पाण्यात रोवलेले बांबू आणि त्यांना बांधलेले जाळ्यांचे सापळे पर्यटकाला अडथळा वाटतात. मच्छीमाराचे ते शेत आहे. या पाण्यावर हक्क कोणाचा, यावरून येथे मोठा संघर्ष झाला आहे. कोळंबी संवर्धनाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये एस. जगन्नाथ खटल्यात चिल्का व पुलिकत सरोवरांपासून १,००० मीटरच्या आत अशा तलावांना मनाई केली. त्यानंतरही बेकायदा कोळंबी-घेऱ्यांचा वाद धुमसत राहिला आणि मे १९९९ मध्ये सोराना येथे पोलिसांच्या गोळीबारात चार जणांचा मृत्यू झाला. अशा पाण्यातून नौकांची नवी वाट काढणे म्हणजे कोणाच्या तरी वहिवाटीवर रेघ ओढणे होय. वाट आखण्यापूर्वी प्राथमिक मच्छीमार सहकारी संस्थांबरोबर बैठक घ्यावी, ती त्यांच्या गावात घ्यावी, आणि कोणत्या महिन्यात जाळी कोठे असतात हे त्यांच्याकडून नकाशावर काढून घ्यावे. या एका नकाशाचे मोल सल्लागाराच्या जाडजूड अहवालाहून अधिक असते.

याच सरोवरात निरनिराळ्या जागी निरनिराळे नियम का लागतात, तेही पाहण्यासारखे आहे. सातपाडा येथे, समुद्रमुखाकडील प्रवाहात, इरावती डॉल्फिन आढळतात. त्यांची संख्या गेली काही वर्षे दीडशेच्या आसपास मोजली जात आहे. आवाजाच्या आधारे वाट काढणाऱ्या या प्राण्याला इंजिनाचा गोंगाट आणि पंख्याचे पाते दोन्ही घातक आहेत. तेथे पाठलाग न करता इंजिन मंद ठेवून दुरून पाहणे हाच मार्ग. उत्तरेकडील मंगलाजोडी येथे पक्षी दाखवणाऱ्या लाकडी होड्या बांबूने रेटत नेतात आणि पूर्वी शिकार करणारी माणसे आज तेथे वाटाडे आहेत. मध्यभागातील नलबण बेट १९८७ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात सरोवरावर दहा-अकरा लाख पक्षी मोजले जातात. या तिन्ही ठिकाणी वेगनौकेला स्थान नाही. ते काही प्रमाणात रंभाला आहे, कारण तेथे बेटांपलीकडे मोकळे, तुलनेने खोल पाणी आहे.

म्हणून माझ्यासमोर हा प्रस्ताव आला, तर मी वेगनौका नाकारणार नाही. दोन नौकांना परवानगी देईन. त्यांपैकी एक सदैव टाकी भरून धक्क्यावर उभी ठेवावी, बचावकार्यासाठी. दुसरीने सकाळी दोन फेऱ्या कराव्यात. उरलेले पर्यटक स्थानिकांच्या संथ, छत असलेल्या होड्यांतून जावेत. त्या होड्यांची तपासणी आणि जाकिटे यांचा खर्च योजनेतून व्हावा. तिकीटविक्री एकाच खिडकीवर असावी आणि होड्यांचे क्रमांक पाळीने लागावेत, म्हणजे धक्क्यावर गिऱ्हाइकांची ओढाताण होणार नाही. उत्पन्न प्रस्तावातील आकड्यापेक्षा कमी राहील, पण ते अधिक घरांत जाईल.

आणखी एक तरतूद मी आदेशात स्पष्ट शब्दांत लिहीन. वारा वाढल्यावर फेरी रद्द करण्याचा अधिकार नौकेच्या तांडेलाचा राहील. व्यवस्थापक किंवा पाहुणे म्हणून आलेला कोणताही अधिकारी तो निर्णय फिरवू शकणार नाही. प्रवाशांचे पैसे त्याच खिडकीवर पूर्ण परत मिळतील, आणि रद्द झालेल्या फेरीची मजुरी तांडेल व खलाशी यांना पर्यटन निधीतून त्याच दिवशी दिली जाईल.