पाण्याचा रेणू वाकडा आहे म्हणून

आरशासमोर उभे राहून तोंडाने वाफ सोडली की काच धुरकट होते. आपल्या उच्छ्वासात असे दोन वायू असतात, ज्यांचे रेणू प्रत्येकी तीनच अणूंचे बनलेले आहेत. एक पाण्याची वाफ आणि दुसरा कार्बन डायऑक्साइड. काचेवर जमते ते पाणी. कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो. त्याला काचेवर बसवायचे, तर काच उणे ७८ अंश सेल्सिअसच्याही खाली गार करावी लागेल. खरे तर कार्बन डायऑक्साइडचा रेणू पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ अडीचपट जड आहे. जड रेणूने आधी जमावे, हलक्याने उडून जावे, असे कोणालाही वाटेल. घडते ते नेमके उलटे. याचे कारण असे, की कार्बन डायऑक्साइडचे तीन अणू एका सरळ रेषेत आहेत आणि पाण्याचे तीन अणू वाकलेल्या कोनात. आज या वाकडेपणाबद्दल बोलायचे आहे.

शाळेत आपण सहसंयुज बंध शिकतो. ऑक्सिजनच्या शेवटच्या कवचात सहा इलेक्ट्रॉन, हायड्रोजनकडे एकेक. ऑक्सिजन आणि प्रत्येक हायड्रोजन यांच्यात एकेका जोडीचे संदान होते, म्हणजे ती जोडी दोघांच्या मालकीची होते. ऑक्सिजनचे अष्टक पूर्ण झाले, हायड्रोजनचे द्विक पूर्ण झाले, उत्तर बरोबर, दोन गुण. ही मांडणी चुकीची नाही. पण आठांपैकी चार इलेक्ट्रॉन बंधात गेले, मग उरलेले चार काय करतात, हा प्रश्न बहुतेक वर्गांत विचारलाच जात नाही. ऑक्सिजनपाशी दोन जोड्या कोणाशीही भागीदारी न करता राहिलेल्या असतात. मी त्यांना मोकळ्या जोड्या म्हणेन. पाण्याचे सगळे वेगळेपण या दोन मोकळ्या जोड्यांतून आले आहे.

आधी जोडीविषयी सांगतो. मिठाचा उलगडा तुलनेने सोपा होता. सोडियम इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो. एक धन होतो, दुसरा ऋण होतो आणि दोघांत आकर्षण निर्माण होते. पण हायड्रोजनच्या रेणूचे काय? दोन्ही अणू अगदी सारखे. कोण देणार आणि कोण घेणार? एकोणिसाव्या शतकातल्या मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांना हे कोडे होते, कारण रासायनिक ओढ ही विरुद्ध प्रभारांचीच असली पाहिजे, असे त्यांतले अनेकजण धरून चालले होते. १८९७ साली इलेक्ट्रॉन सापडला आणि पाच वर्षांनी, १९०२ मध्ये, गिल्बर्ट न्यूटन लुईस नावाचा अमेरिकन तरुण हार्वर्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांना रसायनशास्त्राची ओळख करून देताना वहीत घन काढू लागला. घनाला आठ कोपरे असतात. शेवटच्या कवचातले इलेक्ट्रॉन त्याने या कोपऱ्यांवर बसवले. दोन घन एका कडेने जोडले, की त्या कडेवरचे दोन इलेक्ट्रॉन दोघांचेही होतात. हा एकेरी बंध. पृष्ठभागाला पृष्ठभाग लावला, की चार इलेक्ट्रॉन दोघांचे होतात. हा दुहेरी बंध. तिहेरी बंध मात्र घनाने काही केल्या दाखवता येईना. म्हणून पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना, १९१६ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, लुईसने घनाच्या पलीकडे जाऊन इलेक्ट्रॉन जोडीजोडीने मांडले. आज आपली मुले वहीत जे ठिपके काढतात, ते याच निबंधातून आले आहेत. पुढे लुईसने आठाच्या नियमापेक्षा दोनाचा नियम अधिक मूलभूत मानला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपण मात्र मुलांकडून अष्टक पाठ करून घेतो आणि जोडी विसरतो.

जोडीने बंध का होतो, याचे उत्तर यायला आणखी अकरा वर्षे लागली. १९२७ साली हाइटलर आणि लंडन या दोन तरुण भौतिकशास्त्रज्ञांनी पुंजयामिकी वापरून हायड्रोजनच्या रेणूचे गणित मांडले. त्यातून दिसले ते असे. दोन अणू जवळ आले, की इलेक्ट्रॉनांचा वावर दोन्ही केंद्रकांच्या मधल्या जागेत वाढतो. तिथे त्यांना दोन्हीकडच्या धन प्रभाराची ओढ लागते आणि एकूण ऊर्जा कमी होते. फार जवळ आले तर केंद्रके एकमेकांना दूर लोटतात. ही ओढाताण जिथे समतोल साधते, ते अंतर ७४ पिकोमीटर आहे. एका मीटरचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यांतले ७४ भाग. अणूला अष्टक ‘हवे असते’ असे आपण बोलताना म्हणतो, पण अणूला काही हवे-नको नसते. ऊर्जा जिथे कमी, तिथे अणू स्थिरावतात.

याच ओघात एक समज दूर करायला हवा, कारण तो कॉलेजातल्या मुलांतही आढळतो. बंधात ऊर्जा भरून ठेवलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर पडते, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते आणि बंध जुळताना ती बाहेर पडते. दोन ग्रॅम हायड्रोजनमधले सगळे बंध तोडायला ४३६ किलोज्यूल लागतात. एक लिटर बर्फगार पाणी उकळीपर्यंत न्यायला साधारण तेवढीच उष्णता लागते. स्वयंपाकाच्या गॅसची ज्योत आपल्याला उष्णता देते, ती गॅसमधले बंध तुटतात म्हणून नव्हे. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांचे नवे, अधिक बळकट बंध जुळतात म्हणून ती मिळते.

आता आकाराकडे वळतो. रेडिओवर फळा नाही, म्हणून तुम्हाला एक कृती सांगतो. सारख्या आकाराचे चार फुगे फुगवा आणि चौघांची तोंडे एकत्र बांधा. फुगे एका पातळीत पसरत नाहीत. जागेसाठी एकमेकांना ढकलत ते आपोआप चार दिशांना जातात, तीन खाली टेकतात आणि एक वर उभा राहतो. या आकृतीला चतुष्फलक म्हणतात. एका अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनांच्या चार जोड्या अशाच एकमेकींपासून जास्तीत जास्त दूर राहतात. त्यांच्यातला कोन साडेएकशेनऊ अंशांचा असतो. मिथेनमध्ये चारही जोड्या हायड्रोजनशी जोडलेल्या आहेत, म्हणून तिथे हा कोन तंतोतंत मिळतो. अमोनियात नायट्रोजनपाशी तीन जोड्या बंधातल्या आणि एक मोकळी. मोकळ्या जोडीला एकाच केंद्रकाची ओढ असते, त्यामुळे ती त्या अणूभोवती जास्त जागा अडवते आणि बंधांना जवळ रेटते. कोन उतरतो सुमारे १०७ अंशांवर. पाण्यात दोन मोकळ्या जोड्या. कोन आणखी उतरून साडेएकशेचारवर येतो. हाच तो वाकडेपणा. कार्बन डायऑक्साइडमध्ये मधल्या कार्बनपाशी एकही मोकळी जोडी नाही, दोन्ही बाजूंना दुहेरी बंध आहेत, म्हणून रेणू सरळ.

जोड्यांवरून आकार ओळखण्याची ही पद्धत सिजविक आणि पॉवेल यांनी १९४० साली मांडली आणि १९५७ मध्ये गिलेस्पी आणि नायहोम यांनी तिला आजचे रूप दिले. सगळ्याच रेणूंना ती पुरत नाही, विशेषतः लोह-तांब्यासारख्या धातूंच्या संयुगांत तिची पकड सैल होते. तरीही एवढ्या साध्या नियमातून इतके बरोबर उत्तर देणारी दुसरी गोष्ट प्राथमिक रसायनशास्त्रात मला तरी दिसत नाही.

कोन वाकल्याने काय झाले? ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना आपल्याकडे अधिक ओढतो. त्यामुळे त्याची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनांची बाजू किंचित धन असते. रेणू सरळ असता, तर दोन्हीकडची ओढ एकमेकींना खोडून गेली असती, जशी कार्बन डायऑक्साइडमध्ये जाते. वाकल्यामुळे ती खोडली गेली नाही आणि पाण्याच्या रेणूला दोन टोके मिळाली. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, आणि तो टेकतो नेमका तिथल्या मोकळ्या जोडीपाशी. यालाच हायड्रोजन बंध म्हणतात. पाण्याच्या प्रत्येक रेणूकडे द्यायला दोन हायड्रोजन आणि स्वीकारायला दोन मोकळ्या जोड्या, असा दोन्ही बाजूंचा हिशेब बरोबर जुळतो. म्हणून एक रेणू चार शेजाऱ्यांना धरू शकतो.

या धरण्याचे बळ किती, ते हायड्रोजन सल्फाइडशी तुलना केली की कळते. गंधक हे ऑक्सिजनच्याच गणातले मूलद्रव्य, त्याच्या खालच्याच घरातले. त्याच्या रेणूचे वजन पाण्याच्या जवळजवळ दुप्पट, तरी हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांना उकळतो. हायड्रोजन बंध नसते, तर पाणी त्याच्याही आधी उकळून गेले असते. नदी, तळे, समुद्र, आपल्या शरीरातले रक्त, यांतले काहीही या तापमानाला द्रवरूपात राहिले नसते.

आणि बर्फ. पाणी गोठताना प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना चतुष्फलकाच्या चार दिशांना धरून स्थिर होतो. अशा रचनेत मध्ये पोकळ्या राहतात. म्हणून बर्फ पाण्यापेक्षा हलका, घनतेने सुमारे आठ-नऊ टक्के कमी. बहुतेक पदार्थांचे घनरूप त्यांच्या द्रवात बुडते, बर्फ मात्र तरंगतो. लडाखमधले पँगाँग सरोवर हिवाळ्यात गोठते ते वरून. थंड प्रदेशांतल्या खोल तळ्यांत बर्फाच्या थराखाली पाणी द्रवरूपात राहते आणि त्यात मासे हिवाळा काढतात. बर्फ जड असता, तर तळी तळापासून गोठत वर आली असती. ऑक्सिजनवरचे ज्यांना आपण ‘उरलेले’ म्हणून सोडून देतो, त्या चार इलेक्ट्रॉनांचे हे काम आहे.

रेणूला जागेत आकार असतो, ही कल्पना सुखासुखी स्वीकारली गेली नाही. १८७४ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, नेदरलँड्सच्या व्हान्ट हॉफने कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या दिशांना असतात, असे मांडले. इलेक्ट्रॉन तेव्हा सापडलेलाही नव्हता. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल बेल स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचला. व्हान्ट हॉफने पुठ्ठ्याचे छोटे चतुष्फलक तयार करून आपल्या सहकाऱ्यांना पाठवले होते. जर्मनीतला नामवंत रसायनशास्त्रज्ञ कोल्बे याने तीन वर्षांनी त्याच्यावर जाहीर टीका केली आणि पशुवैद्यकीय शाळेत शिकवणाऱ्या या तरुणाची कल्पना म्हणजे निव्वळ कविकल्पना ठरवली. १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले ते याच व्हान्ट हॉफला, तेही वेगळ्या कामासाठी. त्याचे पुठ्ठ्याचे चतुष्फलक आज लायडनच्या संग्रहालयात आहेत. मला या हकिकतीत पारितोषिकापेक्षा पुठ्ठा मोलाचा वाटतो. त्याने रेणू हातात धरून पाहिला आणि दुसऱ्यांच्याही हातात दिला.

शेतकरी श्रोत्यांसाठी नायट्रोजनचे थोडे सांगतो, कारण बंधाच्या बळाचा संबंध थेट त्यांच्या खर्चाशी आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, तरी पिकाला तो तसाच घेता येत नाही. नायट्रोजनचे दोन अणू तीन जोड्यांनी, म्हणजे तिहेरी बंधाने, जखडलेले असतात. हा बंध तोडायला ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात प्रचंड दाबाखाली आणि चारशे-पाचशे अंशांच्या घरातल्या तापमानाला उत्प्रेरक वापरून जे केले जाते, ते याच बंधाशी झुंजणे आहे. त्यातून अमोनिया मिळतो आणि अमोनियापासून युरिया. हरभरा, तूर, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू हेच काम मातीतल्या साध्या तापमानाला करतात. त्यांच्याकडे त्यासाठी खास विकर आहे, आणि त्याची बरोबरी करणारा उत्प्रेरक माणसाला अजून बनवता आलेला नाही. अमोनिया तयार झाल्यावर पुन्हा मोकळी जोडी कामाला येते. ओलसर जमिनीत नायट्रोजनवरची ती एक मोकळी जोडी हायड्रोजनच्या धन आयनाला धरते, अमोनियम आयन बनतो, आणि धन प्रभारामुळे तो चिकणमातीच्या ऋणप्रभारित कणांना धरून राहतो. काळ्या जमिनीत अमोनियम सहज वाहून जात नाही, त्यामागे हे एक कारण आहे.

शिक्षक बंधु-भगिनींना माझी विनंती आहे. उद्या फळ्यावर पाण्याचा रेणू काढाल, तेव्हा हायड्रोजन, ऑक्सिजन, हायड्रोजन असे एका ओळीत लिहू नका. तो वाकडाच काढा आणि ऑक्सिजनवरच्या दोन मोकळ्या जोड्या ठळक काढा. प्रयोगशाळेत प्रतिकृतींचा संच नसेल, तर रात्रभर भिजवलेले हरभरे आणि टूथपिक पुरतात. एका हरभऱ्यात चार काड्या टोचा, दोन काड्यांच्या टोकांना हरभरे लावा आणि दोन तशाच मोकळ्या ठेवा. मग मुलांना विचारा, या दोन मोकळ्या काड्या कशासाठी? उत्तर लगेच सांगू नका, त्यांना एक तास विचार करू द्या.