रक्तपंपाची संगणकावरील परीक्षा



दुर्बळ हृदयाला आधार देणाऱ्या रक्तपंपात पाते वेगाने फिरते, आणि पाते व आवरण यांच्यामधल्या अरुंद फटीतून जाताना रक्तावर जो ताण येतो, त्याने तांबड्या पेशी फुटू शकतात. यालाच रक्तविघटन म्हणतात.

याउलट, रक्त जिथे घुटमळते, तिथे गुठळी होण्याचा धोका असतो.

म्हणून पंप घडवण्यापूर्वीच अभियंते संगणकावर त्याची प्रतिकृती रचतात, तिचे असंख्य सूक्ष्म कप्पे पाडतात आणि प्रत्येक कप्प्यातील रक्ताचा वेग व दाब गणिताने काढतात; ही पद्धत म्हणजे संगणकीय द्रवगतिकी.

धोक्याची जागा कळली, की फट रुंद करता येते किंवा पात्याचा बाक बदलता येतो.

मात्र गणिताला प्रयोगाची जोड हवीच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मध्येच अरुंद होणाऱ्या एका साध्या नळीचा आराखडा संशोधकांपुढे ठेवला, तेव्हा 28 गटांनी संगणकावर काढलेली उत्तरे एकमेकांपासून बरीच वेगळी निघाली.

श्रोतेहो, सार एवढेच: संगणक धोका आधी दाखवतो, पण प्रयोगाने पडताळल्याखेरीज त्याच्या उत्तरावर रुग्णाचा जीव सोपवता येत नाही.