पंचेचाळिसावा सेकंद



तोफेचा पहिला गोळा पडला की शत्रू आडोसा शोधतो. अग्निबाण त्याला ती सवड देत नाहीत. पुण्याच्या संरक्षण संशोधन संस्थेने आखलेल्या ‘पिनाक’च्या एका गाडीतून ४४ सेकंदांत १२ अग्निबाण सुटतात, सहा गाड्यांतून ७२. कारगिलच्या लढाईत, १९९९ साली, ते प्रथम वापरले गेले. अग्निबाणाला जोर त्याच्या पोटातल्या दारूचाच असतो. तोफेसारखी जाड, जड नळी लागत नाही, म्हणून एका ट्रकवर बारा नळ्या मावतात. मात्र धुराने जागा उघड होते. मारा करून गाडीला तत्काळ निघावे लागते, तीही रिकाम्या नळ्या घेऊन. दिवसभर सतत मारा करायचा तर तोफच हवी.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. आम्हांस दिसतो तो पंचेचाळिसावा सेकंद! पुढचा अग्निबाण रणांगणावर नव्हे, कारखान्यात तयार होतो. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगार प्राणास मुकले. तेही देशाच्या संरक्षणाच्याच कामावर होते. दारू भरणाऱ्या हातांची सुरक्षितता हा संरक्षणाचाच खर्च आहे. तिथे काटकसर करणे म्हणजे आपल्याच फळीला भगदाड पाडणे होय.