गॅसच्या गाडीचा मेकॅनिक व्हायचंय? मग आधी हे ऐका

वेल्ह्याच्या डोंगरात रेंज गेली की एपिसोड अडकतो, म्हणून नेहमीप्रमाणे आजचं बोलणं इथे लिहूनही देतोय.

आजचा प्रश्न तिकडचाच आहे. "दादा, दहावी झालीय. चेलाडी फाट्याजवळ एका गॅरेजमध्ये हाताखाली काम करतोय. सीएनजीचं काम शिकलो तर पुढे काही होईल का?"

होईल. पण नुसतं हाताखाली राहून होणार नाही. का, ते सांगतो.

आधी दाब समजून घ्या. कारच्या टायरमध्ये साधारण २ बार हवा असते. सीएनजीच्या टाकीत गॅस असतो २०० बारला, म्हणजे शंभरपट. पेट्रोलचा पाइप ढिला असला तर थेंब दिसतो. इथे काही दिसत नाही, आणि दाब असताना नट सैल केला तर हात जाऊ शकतो. म्हणून लाइनला हात लावण्याआधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, लाइनमधला उरलेला गॅस इंजिन चालवून जाळून टाकायचा, मग बॅटरी काढायची. जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. गाडीचा मालक कितीही घाई करू दे, ही पायरी सोडायची नाही.

दुसरी गोष्ट, सीएनजी आणि एलपीजी एक नाहीत. सीएनजी हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो आणि छताखाली साठतो. एलपीजी जड, तो खाली खड्ड्यात बसतो. गाडीखाली काम करायला खड्डा असलेल्या गॅरेजमध्ये हा फरक माहीत नसणं म्हणजे जिवाशी खेळ.

आता आपल्या भागातलं उदाहरण घ्या. थंडीत वरंध घाट चढताना गाडी गॅसवर धक्के खाते. पुष्कळदा "गॅसच खराब भरलाय" म्हणून विषय संपतो. पण २०० बारचा गॅस रिड्यूसरमध्ये एकदम खाली येतो, तेव्हा तो प्रचंड गार होतो. म्हणून इंजिनचं गरम कूलंट रिड्यूसरभोवती फिरवलेलं असतं. कूलंट कमी असलं की रिड्यूसर गोठायला लागतो. ज्याला हे कळतं, तो आधी कूलंट तपासतो. आणि गॅसवर ताकद थोडी कमी मिळणं हा बिघाड नाही. सिलिंडरमध्ये गॅस जागा व्यापतो, तेवढी हवा कमी जाते. गिऱ्हाइकाला हे समजावून सांगणं हाही कामाचाच भाग.

शिवाय आजच्या सिक्वेन्शियल किटमध्ये वेगळा ईसीयू असतो. पेट्रोलचा इंजेक्टर किती वेळ उघडायचा, हे वाचून तो गॅसचा वेळ ठरवतो. ते मॅपिंग लॅपटॉप लावून करतात. मी बीटेक करून दिवसभर कोड लिहितो, आणि प्रामाणिकपणे सांगतो, हे काम आमच्या कामाच्या फार जवळचं आहे. फरक एवढाच की आमचा बग बहुतेक वेळा स्क्रीनवरच राहतो.

मग रस्ता कोणता? दहावीनंतर आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा ट्रेड, म्हणजे एमएमव्ही. २ वर्षांचा. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून होतो. भोरला सरकारी आयटीआय आहे, पण कुठे कोणता ट्रेड आणि किती जागा, हे त्या वर्षीच्या यादीत बघूनच पर्याय भरा. पास झालात की राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी करा. एसटीच्या आगारात, गाड्यांच्या कंपनीत किंवा डीलरच्या वर्कशॉपमध्ये. तिथे विद्यावेतनही मिळतं. गॅसचं खास प्रशिक्षण येतं त्यानंतर, गाडी बनवणाऱ्या किंवा किट बनवणाऱ्या कंपनीकडून.

कुणी म्हणेल, हात बसलाय तर कागद कशाला? कागद गिऱ्हाइकासाठी लागतो. किट मान्यताप्राप्त हवं, ते अधिकृत वर्कशॉपमध्ये बसवायला हवं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंधनातला बदल आरसी बुकवर चढवायला हवा. टाकीची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते. यातलं काही राहिलं आणि उद्या अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो. तुम्ही स्वस्तात बसवून दिलेलं किट एखाद्या घराला फार महागात पडेल.

आणि आपण पुण्याजवळ राहतो, हा मोठा फायदा आहे. गाड्या आणि किट तपासणारी एआरएआय वेताळ टेकडीवर आहे. जगातली पहिली सीएनजी मोटरसायकल जुलै २०२४ मध्ये आकुर्डीच्या बजाजने आणली. दिल्लीत १९९८ साली सुप्रीम कोर्टाने सगळ्या सिटी बस सीएनजीवर न्यायला सांगितलं, तेव्हापासून देशात हे काम वाढतच गेलंय. उद्या इलेक्ट्रिक गाड्या वाढतील, हे खरं. पण वायरिंग, सेन्सर आणि ईसीयू वाचायची सवय तिथेही कामाला येईल.

तर मित्रा, गॅरेज सोडू नकोस. उस्ताद इंजिनचा आवाज ऐकून जे ओळखतो, ते कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. सकाळी आयटीआय कर, सुट्टीत गॅरेज. आणि आज कामावर गेलास की उस्तादांना एकच विचार: "जोडणी झाल्यावर साबणाचं पाणी कुठं ठेवलंय?" उत्तर देताना ते हसले, तर गॅसचं काम शिकायला दुसरी जागा शोध.

प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात!