परदेशातील दिवस आणि आपली ओळख

(संस्थेच्या विद्यार्थी गौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला ‘परदेशी शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर बोलण्यास सांगितले होते. परंतु महत्त्व आपणां सर्वांना ठाऊकच आहे. ज्या समाजाचा नेता १९१३ साली न्यूयॉर्कला शिकावयास गेला, त्या समाजाला ते वेगळे काय सांगावे? म्हणून मी तेथील रोजच्या जगण्याविषयी बोलणार आहे. माहितीपुस्तिकेत फीचे आकडे असतात. पहिल्या थंडीत काय होते, ते नसते.

सप्टेंबर २०२२ मध्ये मी एम.एस्सी.साठी लंडनला गेले. आमच्या घराण्यात विमानात बसणारी मी पहिलीच. पहिली अडचण आली ती अशी की, खोली भाड्याने घ्यावयाची तर बँकेचे खाते विचारतात आणि खाते उघडावयाचे तर राहत्या घराचा पत्ता विचारतात. या चक्रात माझे तीन आठवडे गेले. विद्यार्थ्यांनो, निघण्यापूर्वीच निदान पहिल्या महिन्यासाठी वसतिगृह नक्की करा आणि पोहोचताच विद्यापीठाकडून पत्त्याचे पत्र मागून घ्या. घरमालकास दिलेली अनामत रक्कम त्याने तीस दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत ठेवावी, असा इंग्लंडमध्ये कायदा आहे. त्याचा कागद मागा. जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवा. आजारी पडल्यावर नोंदवू असे म्हणू नका.

दुसरी गोष्ट अंधाराची. डिसेंबरात तेथे सकाळी आठला उजाडते आणि दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. त्या वर्षी गॅस-विजेचे दर फार वाढलेले होते. आम्ही संध्याकाळी एक तासच खोल्या गरम करीत असू. अशा वेळी मनही अंधारते. आपण दुबळे आहोत म्हणून असे होते, असे समजू नये. दुपारी ऊन असेल तेवढा वेळ बाहेर चालावे. मला त्याचा उपयोग झाला.

वर्गातही सवय बदलावी लागते. तेथे प्राध्यापकांना नावाने हाक मारतात. पहिल्याच तासाला प्राध्यापिकाबाईंनी मला विचारले, “यावर तुझे मत काय?” मी गप्प राहिले. पुस्तकात काय आहे ते मला पाठ होते. परंतु माझे मत मला पूर्वी कोणी विचारलेच नव्हते. मत मांडावयास शिकण्यात माझे पहिले सत्र गेले. आपल्या मुलांना ही सवय येथेच, आपल्या अभ्यासिकेत लावता येईल.

पैशाचे सांगते. ज्या शिष्यवृत्तीवर मी गेले होते, तिचा दुसरा हप्ता अडीच महिने उशिरा आला. बटाटे, पाव आणि मसुराची डाळ यांवर दिवस काढले. शेवटी घाना देशातील एका वर्गमैत्रिणीने दोनशे पौंड उसने दिले. तिला माझी जातही ठाऊक नव्हती आणि धर्मही. त्या दिवसांत मी बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा वाचले. १९२० ते १९२३ या काळात लंडनमध्ये त्यांचा सकाळचा आहार म्हणजे पावाचा तुकडा, थोडा मुरंबा, माशाचा तुकडा आणि चहा. रात्री भूक लागली की ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खावयाचे आणि पुन्हा अभ्यासास बसावयाचे. इकडे रमाई काटकसरीने संसार ओढीत होत्या. या दुसऱ्या खेपेस जाताना बाबासाहेबांनी आपले मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले होते. म्हणजे त्यांनाही परक्या धर्माच्या मित्रानेच हात दिला. एका रात्री मीही शेगडीवर पापड भाजला, तर धुराची घंटा वाजून सारी इमारत जागी झाली! शंभर वर्षांत एवढा फरक पडला आहे.

आता ज्याकरिता मी आज उभी आहे, ते सांगते.

आम्ही तिघी एका घरात राहत होतो. दुसऱ्या दोघी महाराष्ट्रातल्याच. कानावर मराठी पडली म्हणून मला केवढा आनंद झाला होता! पहिल्याच रात्री जेवताना एकीने विचारले, “तुझ्या आडनावावरून कळत नाही गं. तुमचं कुलदैवत कोणतं?” मी क्षणभर थांबले आणि आमच्या शेजाऱ्यांच्या देवीचे नाव सांगितले.

मित्रहो, इंग्रजांनी मला हा प्रश्न कधी विचारला नाही. विचारला तो आपल्याच भाषेत. त्यानंतर एक खोटे झाकण्यासाठी मी रोज दुसरे बोलत गेले. बाबासाहेबांचा फोटो पेटीत स्वेटरांच्या तळाशी राहिला. आईचा फोन आला की मी न्हाणीघरात जाई आणि नळ सोडून मगच जयभीम म्हणे. रात्री मनातल्या मनात पंचशील म्हणत होते आणि दिवसा त्यातले चौथे शील मोडत होते. सात महिने मी अशी राहिले.

१४ एप्रिल २०२३ रोजी आईचा फोन आला. मागे मिरवणुकीचा ढोल वाजत होता. ती म्हणाली, “जयभीम बेटा, जयंतीच्या शुभेच्छा.” मी स्वयंपाकघरात होते, दोघी समोर होत्या. मी म्हणाले, “हो, हो, आई.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाजूला कोणी आहे का?” आणि तिने फोन ठेवला. माझी आई चौथी शिकलेली आहे. परंतु तिला सारे समजले.

त्या रविवारी मी चॉक फार्म स्टेशनावर उतरून १०, किंग हेन्रीज रोड या घरापाशी गेले. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तेथे राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घर विकत घेतले. पुढे शेजाऱ्यांनी आक्षेप घेतले, वाद झाला, आणि २०२० मध्ये तेथील सरकारने स्मारकास परवानगी दिली. मी बाहेरची पाटी वाचीत उभी होते. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून एका वृद्ध पंजाबी गृहस्थाने मोठ्याने “जय भीम!” म्हटले. सोबत नातू होता. तरुणपणी ते वुल्व्हरहॅम्प्टनच्या ओतकाम कारखान्यात काम करावयास आले होते. पुढे तेथे आंबेडकरी बौद्धांनी आपले विहार उभारले. मीही जयभीम म्हटले. सात महिन्यांत प्रथमच पूर्ण आवाजात म्हटले.

संध्याकाळी मी पेटीतून फोटो काढून टेबलावरच्या भिंतीवर लावला आणि दोघींना बोलावून खरे काय ते सांगितले. एकीने दुसऱ्या दिवसापासून आपली भांडी वेगळी केली. दोन महिन्यांनी ती घर सोडून गेली. दुसरी माझ्या खोलीत येऊन बसली आणि बराच वेळ विचारत राहिली. आजही तिचा फोन येतो. दोन्ही गोष्टी मी सांगते, कारण दोन्ही खऱ्या आहेत.

बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे की, युरोप-अमेरिकेतील पाच वर्षांच्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. बडोद्यास परतल्यावर राहावयास जागा मिळेना, तेव्हा ती पुन्हा जागी झाली. आज आपला देशबांधव जात पेटीत घालून तिकडे नेतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये समानतेच्या कायद्यात जातीचा उल्लेख असावा अशी मागणी झाली. २०१३ मध्ये संसदेने तशी तरतूद केली. परंतु २०१८ मध्ये सरकारने ती अमलात न आणण्याचे ठरविले. मात्र जातीवरून केलेला भेदभाव वांशिक मूळ या सदरात येऊ शकतो, असे तेथील अपील न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये म्हटले आहे. अमेरिकेत सिॲटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीय भेदभावास स्पष्ट बंदी केली. आपण लपून राहिलो असतो, तर यातले काहीच झाले नसते.

तरीही लपणाऱ्या मुलामुलींना दोष देऊ नका, ही माझी वडीलधाऱ्यांना विनंती आहे. एकट्या मुलीला घर, पैसा आणि सोबत या तिन्हींची भीती एकाच वेळी असते. ती भीती कमी करणे संस्थेच्या हातात आहे. दोन गोष्टी करता येतील. एक, परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यास पहिल्या तीन महिन्यांपुरती बिनव्याजी रक्कम देणारा निधी. हप्ता आला की त्याने ती परत करावी. माझ्या पहिल्या पगारातून बाजूला ठेवलेले पंचवीस हजार रुपये आज मी त्यासाठी अध्यक्षांकडे देत आहे. दुसरी, आपल्यापैकी जे जे बाहेर गेले आहेत त्यांची यादी, म्हणजे नव्या मुलाला विमानतळावर उतरल्यावर जयभीम म्हणणारा एक तरी माणूस मिळेल.

विद्यार्थ्यांनो, जाताना भाकरीचे पीठ न्या, गरम कपडे न्या, फोटोही न्या. फक्त तो पेटीच्या तळाशी ठेवू नका. मी ठेवला होता. त्याची किंमत माझ्या आईने मोजली.



जयभीम! नमो बुद्धाय!